भुई दाखवणारी

थंडी कोरडी पडली की टिचकीबाईच्या अंगात वीज यायची. दाराच्या कडीला हात लावला, टिच. नळाला लावला, टिच. शेजारणीच्या हातात वाटी द्यायला गेली की दोघींच्या बोटांमध्ये टिच, आणि शेजारीण वाटीसकट दोन पावलं मागे. "हिच्याशी भांडायला तोंड लागत नाही, नुसतं बोट पुरतं," असं ती शेजारीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्यावरून नाव पडलं ते कायमचं. नवऱ्याच्या माघारी एकटीनं मुलगा वाढवला, त्याला वायरमनचं काम शिकवलं, लग्न करून दिलं, तरी लोकांच्या लेखी ती टिचकीच राहिली.

कातडी मुळातच राठ. त्यात उरलंसुरलं तेल थिनरनं धुऊन नेलेलं. रंग पातळ करायचा थिनर डब्यांत भरण्याच्या कारखान्यात ती कामाला होती. कारखाना आपला म्हणायचा. खरं तर एक लांबट शेड. एका टोकाला लोखंडी माळा, त्यावर मोठी टाकी. टाकीतून उतरलेला लोखंडी पाइप, पाइपाला खाली एक कॉक, आणि कॉकखाली एकामागून एक येणारे पत्र्याचे डबे. तिथून मागच्या अंगणापर्यंत दोन्ही बाजूंनी पिंपांच्या रांगा आणि मधून एक बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत ओढायचं, एवढाच रुंद.

नव्या माणसाला टिचकीबाई पहिल्याच दिवशी सांगायची की इथं काडी ओढणारा मूर्ख कुणी येत नाही, त्यामुळे काडीला भिऊ नकोस. भ्यायचं ते न दिसणाऱ्याला. थिनर उघड्यावर आला की त्याची वाफ होते, ती हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत मांजरासारखी पसरते. तिला पेटायला काडी लागत नाही. तुझ्या बोटातली टिचकी पुरते.

हे तिला ज्यानं शिकवलं तो म्हातारा फोरमन केव्हाच काम सोडून गेला होता, पण त्याचं बोलणं शेडमध्ये राहिलं होतं. तो सांगायचा, जगातल्या हरेक वस्तूत दोन जातींचे भार असतात, एक धन आणि एक ऋण. दोन्ही सारखे आहेत तोवर घर शांत. बाहेरच्याला पत्ता लागत नाही आत कुणी राहतं म्हणून. पण दोन वस्तू एकमेकींना घासल्या, की एकीचे थोडे ऋणभार दुसरीकडे निघून जातात. मग इकडे कमी, तिकडे जास्त. आणि स्वभाव असा, की एका जातीचे एकमेकांना दूर लोटतात, एका स्वयंपाकघरातल्या दोन जावांसारखे. आणि विरुद्ध जातीचे ओढ घेतात. केसांतून कंगवा फिरवला की कंगवा कागदाचे कपटे उचलतो ते त्यामुळे. स्वेटर काढताना चटचटतं तेही त्यामुळे. थिनर पाइपातून वाहतो म्हणजे काय करतो? घासतच येतो. पाइपाच्या तोंडाला गाळणीचं कापड बांधलेलं, त्यातून तर अंग चोळत बाहेर पडतो. जितकी धार, तितका भार, आणि तो सगळा डब्यात जमा.

जमा झालेल्याला वाट दिली तर तो गुपचूप निघून जातो. लोखंड, तांबं, ओली जमीन, माणसाचं अंग, यांतून तो पळतो. रबर, प्लॅस्टिक, काच यांत अडकून बसतो. आणि पृथ्वी एवढी मोठी, की कितीही भार तिच्यात ओता, तिला ढेकरही येत नाही. म्हणून प्रत्येक डब्याला आधी भुई दाखवायची. भिंतीला तांब्याची पट्टी होती, ती जमिनीत खोल गाडलेली. पट्टीला जाड तार, तारेला दातांचा चिमटा. डबा कॉकखाली ठेवला की चिमटा काठाला, मग हात पट्टीला, आणि मग कॉक. फोरमन यालाच भुई दाखवणं म्हणायचा आणि टिचकीबाई हे काम इतकी वर्षं करत आली होती की झोपेतही तिचा हात आधी भिंतीकडे जायचा.

पण गुडघे गेले. वाकून डबे सरकवणं होईना. मालक माणूस बरा. तो म्हणाला, तुमच्या घरचंच कुणी आणा, तुम्ही फक्त बाजूला बसून झाकणं लावा आणि लक्ष ठेवा. घरात होती सून. सून हुशार, हात चटपटीत, बोलणं मोजकं. सासूशी तिचं वाकडं नव्हतं, पण गोडही नव्हतं. सासूनं सांगायचं आणि सुनेनं मान हलवायची, एवढाच व्यवहार. कामावर यायला तिनं मानच हलवली होती.

पहिल्याच आठवड्यात सुनेला टिचकी बसली. पट्टीला हात लावायच्या आधी ती पिंपाला टेकली, टिच झालं, हातातलं रिकामं झाकण खणखणत पडलं. विशेष काही नव्हतं. थिनर त्या वेळी उघडा नव्हता. पण पोरीचा चेहरा पांढरा पडला. रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं, की मला तिथं उभं राहायची भीती वाटते. सासू बाजूलाच होती, पण सांगितलं नवऱ्याला. टिचकीबाईला ते लागलं. ही सोडून गेली तर आपलीही जागा जाणार, हे एक. पण त्याहून जास्त हे, की आपण घेऊन गेलो आणि पोरगी आपल्याच डोळ्यांदेखत घाबरली.

मुलगा वायरमन. त्यानं आपल्या धंद्यातलं शहाणपण सांगितलं. मेन बोर्डसमोर आम्ही रबराच्या चटईवर उभे राहतो, पायात गमबूट घालतो. वीज अंगातून जमिनीत जायला बघते, रबर तिला जाऊ देत नाही. मग करंट बसतच नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं जाड काळी चटई आणून दिली आणि बायकोच्या मापाचे गमबूटही.

त्याच्या जागी तो शंभर टक्के बरोबर होता. टिचकीबाईला ते पटलं, कारण तिला पटवून घ्यायचं होतं. वाट अडवली की वीज जाणार नाही, वीज गेली नाही की पोरगी दचकणार नाही. वाट अडवलेली वीज जाते कुठं, एवढा एक प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. चिमटा आहेच की, असं तिनं मनाशी म्हटलं. कॉकखाली चटई अंथरली, ऐसपैस, डबाही तिच्यावर आणि सूनही तिच्यावर. मालक म्हणाला, वा, शेड एकदम स्वच्छ दिसते. सुनेला कुणी विचारलं नाही. तिनं गमबूट घातले आणि मान हलवली.

ओलसर दिवस होते तोवर काही झालं नाही. दमट हवा स्वतःच भार पुसत असते. मग वारा फिरला. कपडे तासाभरात वाळून कडकडीत, ओठ फुटलेले, आणि टिचकीबाईच्या हाताला सकाळपासून जिथं तिथं टिच टिच. त्याच सुमाराला रंगवलेले डबे आले. गिऱ्हाइकांकडून परत येणारे जुने डबे गंजके दिसतात म्हणून मालकानं या वेळी सगळ्यांना निळा रंग मारून घेतला होता, दांडी सोडून, काठापासून खालपर्यंत.

त्या सकाळी टिचकीबाई बोळाच्या तोंडाशी स्टुलावर बसून झाकणांच्या कडा पुसत होती. समोर सून. डबा ठेवला, चिमटा लावला, पट्टीला हात लावला, एका हातानं डब्याची दांडी धरली, दुसऱ्यानं कॉक उघडला. सगळं शिकवल्यासारखं. पाइपातून धार सुरू झाली. कॉक सोडून पोरीनं तो हात कमरेवर ठेवला.

थोड्या वेळानं सून म्हणाली, "आई, इथं कोळी झालेत का हो? तोंडावर जाळं आल्यासारखं वाटतंय."

तिनं मोकळ्या हातानं गाल पुसला. टिचकीबाईनं वर पाहिलं. पाइपापाशी कोळी असणं शक्य नव्हतं; सून रोज झाडत होती. मग बाईला पोरीचे केस दिसले. कानावरच्या बारीक बटा कानावर नव्हत्या. त्या हवेत ताठ उभ्या होत्या, एकमेकींपासून फटकून, जणू प्रत्येकीला दुसरीचा राग आला आहे. दांडी धरलेल्या मनगटावरची लव उभी होती. आणि पुसायच्या कापसाचा एक तंतू चटईवरून सरपटत डब्याकडे चालला होता, वारा नसताना.

एका जातीचे एकमेकांना लोटतात. भार निघून जात नव्हता. डब्यात साठत होता, आणि डब्यातून दांडीवाटे पोरीच्या अंगात. चिमटा लावलेला दिसत होता, पण त्याचे दात निळ्या रंगावर बसले होते. रंगाच्या खाली लोखंड होतं, पण दात तिथवर पोचलेच नव्हते. आणि खाली? खाली चटई. पायात रबर. डबा आणि पोरगी दोघंही जगापासून तोडलेले, भरत चाललेले.

डबा अर्ध्याच्या वर गेला होता. तो भरला की सून हात वर करणार आणि कॉक बंद करणार. कॉक लोखंडी, पाइप लोखंडी, थेट जमिनीला जोडलेला. बोट कॉकच्या जवळ जाताच अंगातला सगळा भार एका ठिणगीत उडी मारणार. आणि कॉकच्या वीतभर खाली डब्याचं उघडं तोंड, त्यातून उठणारी वाफ.

ओरडावं? पण ओरडलं की माणूस दचकतं, आणि दचकलेलं माणूस समोर असेल ते धरतं. समोर पाइप होता.

पळत जाऊन तिला ओढावं? बाईच्या पायात साध्या चपला, घासून कागदासारख्या झालेल्या, खाली ओलसर फरशी. ती स्वतःच भुई होती. तिचं बोट पोरीला लागलं असतं तर ठिणगी तिथंच पडली असती.

तिनं हातातलं झाकण मांडीवर ठेवलं आणि मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "सूनबाई, कॉकला हात लावू नकोस."

"अजून लावला कुठं? भरू तर द्या."

"भरला तरी लावू नकोस. सांडला तरी लावू नकोस."

सून वळून बघायला लागली. तिची मान वळली, पण पाय हलले नाहीत. थेंब सांडला तर दिवसभर तोंड वाजवणारी ही बाई, आणि ती म्हणते सांडला तरी. त्या एका वाक्यानं पोरीला कळलं की काहीतरी भयंकर आहे. काय ते कळलं नाही.

"आई, काय झालं?"

"काही झालं नाहीये. होऊ द्यायचं नाहीये. मोकळा हात पोटाशी धर. तसाच. आता त्याला कुठं जाऊ देऊ नकोस. मी वरचा कॉक बंद करते."

वरचा कॉक माळ्यावर, टाकीच्या बुडाशी. तिथवर लोखंडी शिडी, उभ्या भिंतीसारखी. टिचकीबाई त्या शिडीवर चढली नाही त्याला जमाना झाला होता. गुडघ्यांनी तिला घरचा उंबरठाही जड केला होता. तिनं दोन्ही हातांनी कांब धरली, उजवा पाय टाकला, डावा ओढून घेतला. पुन्हा उजवा. गुडघ्यात कुणी सुरी फिरवत होतं. खाली धारेचा आवाज बदलत चालला होता. रिकामा डबा ढणढणतो, भरत आलेला गुळगुळ बोलतो. बाईला बघायची गरज नव्हती. तिला तो आवाज घरच्या कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा होता. डबा आता तोंडाशी आला होता.

"आई, भरला."

"भरू दे."

"सांडतोय."

"सांडू दे. हात कुठं आहे?"

"पोटाशी."

धार काठावरून ओघळायला लागली. निळ्या रंगावरून खाली, चटईवर. वास आधी होता त्याच्या दुप्पट झाला. थिनर सांडला म्हणून भार वाहून जाणार नव्हता. थिनर पाण्यासारखा नाही, तो स्वतःच भाराला वाट देत नाही. उलट आता वाफ पोरीच्या पायांभोवती होती.

माळ्यावर बाईनं कॉकचं चाक धरलं. ते हललं नाही. वरचा कॉक कुणी कधी बंदच करत नव्हतं. तिनं पदराचं टोक हातात गुंडाळलं, पाय टाकीला लावला आणि सगळं अंग चाकावर टाकलं. चाक जागचं ढिम्म.

तेवढ्यात वास आला म्हणून मालक आपल्या खोलीतून बाहेर आला. त्यानं बघितलं काय, तर डबा भरून वाहतोय आणि समोरची मुलगी पोटाशी हात घेऊन पुतळ्यासारखी उभी. कुणालाही वाटेल तेच त्याला वाटलं. तो म्हणाला, अगं बंद कर की, आणि स्वतःच कॉककडे निघाला.

"मालक, जागचे हलू नका," टिचकीबाई वरून म्हणाली.

त्या शेडमध्ये असं त्याला कुणी बोललं नव्हतं. तो थांबला, पण एक पाऊल उचललेलंच राहिलं.

"पोरगी भारलेली आहे. डबाही. तुमचा हात तिला किंवा डब्याला लागला तर आपण तिघंही जाऊ."

मालकाला धंदा माहीत होता. त्यानं एकदा चिमट्याकडे पाहिलं, एकदा चटईकडे, आणि उचललेला पाय हळूच होता तिथंच ठेवला. मग तो कुजबुजल्यासारखा म्हणाला, की चाक उलटं फिरवा बाई, त्याला उलटे आटे आहेत.

टिचकीबाई इतका वेळ चाक उघडायच्या बाजूनं रेटत होती.

तिनं दिशा बदलली. चाक कुरकुरलं, अडलं, पुन्हा कुरकुरलं आणि फिरलं. खाली धार बारीक झाली, दोरीएवढी, दोऱ्याएवढी, मग थेंब. मग थेंबही नाही. शेडमध्ये इतकी शांतता झाली की सुनेचा श्वास माळ्यावर ऐकू येत होता.

अर्धं काम झालं होतं. भार होता तिथंच होता.

"आता दांडी सोड," बाई म्हणाली.

सून हलली नाही. तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. सोडताना काही होईल, असं तिला वाटत होतं. आणि ते वाटणं चूक म्हणता येत नव्हतं, कारण काय झालंय हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. माळ्याच्या काठाशी बसून टिचकीबाईनं तिला सांगितलं, शक्य तेवढ्या थोडक्यात. डबा आणि तू एकाच घरचे झालात. दोघांवर सारखाच भार आहे. सारख्याला सारखं सोडताना ठिणगी पडत नाही. ठिणगी पडते ती भरलेल्याला भुई भेटली की. म्हणून दांडी सोडायला भिऊ नकोस, भुईला भी. मी भुई आहे, मालक भुई आहेत, पाइप, पिंपं, भिंत, सगळे भुई आहेत. इथून अंगणात जा. वाटेत कशालाही, कुणालाही शिवू नकोस. बाहेर फाटकाच्या लोखंडी खांबाला हात लाव. तिथं वाफ नाही, तिथं काय व्हायचं ते होऊ दे.

बोटं एकेक करून सुटली. काही झालं नाही.

मालक पाठ न वळवता मागे मागे सरकत आपल्या खोलीत गेला आणि वाट मोकळी झाली. सून चटईवरून उतरली. पायात गमबूट होते, म्हणजे अंगातला भार अजून अंगातच. पुढे तो बोळ. एरवी ती तिथून डबा कमरेवर घेऊन झपाझपा जायची. आता दोन्ही हात पोटाशी, कोपरं बरगड्यांत खुपसलेली, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पिंपं, जाडजूड बायकांसारखी वाटेत बसलेली. ती आडवी झाली आणि एक एक पाऊल खेकड्यासारखी सरकू लागली. तिच्या अंगातल्या लोकरी स्वेटरची बाही सैल होती. एका पिंपाजवळून जाताना बाहीचे धागे आपोआप पिंपाकडे उठले.

"बाही," टिचकीबाई म्हणाली.

सुनेनं बाही मुठीत गोळा केली. श्वास आत ओढून धरला. पिंप गेलं. दुसरं गेलं. शेवटच्या पिंपापाशी गमबुटाचा पंजा फरशीच्या उंचवट्याला अडला आणि ती पुढं कलली. हात आपसूक सुटला, आधाराला पिंपाकडे गेला. टिचकीबाईनं डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा सून गुडघ्यांत वाकून तोल सावरत होती आणि सुटलेला हात तिनं स्वतःच्याच दातांत धरला होता, मनगटापाशी. ती तशीच चालत दारातून बाहेर पडली.

अंगणातला खांब माळ्यावरून दिसत नव्हता. बाई ऐकत राहिली. बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग चट्ट. सुकी काटकी मोडावी तसा. आणि त्यापाठोपाठ पोरीनं दिलेली एक अस्सल शिवी. सासूच्या राज्यात आजवर तिच्या तोंडून असला शब्द निघाला नव्हता. टिचकीबाईनं कपाळ चाकाला टेकलं आणि जिथं होती तिथंच बसून राहिली.

ती खाली कशी उतरली ते तिला आठवत नव्हतं. मालकानं दोन्हीकडची दारं उघडी टाकली. पंखा लावायला कुणी हात केला नाही. बटणातही ठिणगी असते. डबा तिथंच ठेवून तिघंही अंगणात फाटकापाशी येऊन थांबले आणि दुरून त्याच्याकडे बघत राहिले, झोपलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याकडे बघावं तसे. वारा शेडमधून आरपार वाहत होता. दुपार सरली.

मालकाच्या मनानं घेतलं होतं की चूक त्याचीच. रंग त्यानं मारून घेतला. बाई म्हणाली, रंगानं चिमटा बंद झाला हे खरं, पण चिमटा आधीही गंजावर कधी लागायचा, कधी नाही लागायचा. तरी आजवर काही झालं नाही. का नाही झालं? डब्याचं बूड सरकवून सरकवून उघडं पडलेलं असतं आणि खाली ओलसर फरशी. चिमटा चुकला तर फरशी गुपचूप सांभाळून घ्यायची. तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही. तिच्यावर मी रबर अंथरलं.

सून खांबाला पाठ लावून बसली होती. तिनं विचारलं, की मग त्यांना ही चटई चालते ती कशी? म्हणजे नवऱ्याला. बाईनं सांगितलं, त्याची वीज तारेतून येते आणि अंगातून जमिनीकडे जायला बघते. तिला वाट न देणं हेच शहाणपण. इथली वीज कुठून येत नाही, इथंच साठते. तिला वाट देणं हे शहाणपण. त्याचं औषध आपल्या दुखण्याला लावलं. बाई हे सांगताना सुनेकडे बघत नव्हती.

उन्हं कलली आणि वास जवळजवळ गेला, तेव्हा टिचकीबाईनं तागाचा लांब दोर पाण्यात भिजवला. एक टोक तांब्याच्या पट्टीला बांधलं, दुसरं एका लांब काठीच्या शेंड्याला. ओल्या दोरातून भार जातो, पण सावकाश, रांगेत; धातूतून जातो तसा एकदम झेप घेऊन नाही. ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि काठी पुढे करून ओलं टोक डब्याच्या बुडापाशी, रंग निघालेल्या कडेला टेकवलं. मालक दारात, सून त्याच्या मागे. आवाज आला नाही. उजेड दिसला नाही.

"झालं?" मालकानं विचारलं.

"झालं असेल तर असंच असतं," बाई म्हणाली. तिनं काठी बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग खाली घेतली. डब्याला चिकटलेला तो कापसाचा तंतू आता गळून पडला होता.

मालक तारेचा चिमटा कानशीनं घासायला बसला आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की उद्या सगळ्या डब्यांचे काठ आपण स्वतः खरवडणार. अंगणात दोघी उरल्या. टिचकीबाईनं मनात ठरवलेलं बोलून टाकलं, की उद्यापासून तू येऊ नकोस. मी आणलं, मी सोडवते. पोराला मी सांगेन.

सुनेच्या मनगटावर तिच्याच दातांचे वण होते, त्यांवरून ती बोट फिरवत होती.

"मी येणार," ती म्हणाली. "पण रागावू नका, एक सांगते. माझ्या जिवाची काळजी करायची तर मला विचारून करा. तुम्ही दोघांनी मिळून सगळं ठरवलंत. मला फक्त मापाचे बूट दिलेत."

टिचकीबाईच्या तोंडात उत्तर कायम तयार असायचं; शेजारणी त्यालाही भीत. या वेळी तिनं ते उत्तर बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मग आता विचारते. काय करायचं?"

"आधी मला सगळं नीट सांगा. तो म्हातारा सांगायचा ते. जावांचं-बिवांचं सगळं. अर्धवट नको."

"आता?"

"आता नाही. आता तो डबा उघडा आहे, त्याला झाकण लावायचंय."

ते लावायला दोघी उठल्या. खांबाला हात लावून दोघी बोळाशी आल्या, पण बोळात एकाच वेळी दोघी मावत नव्हत्या. सून पुढे झाली, आणि सासूनं पोट आत ओढून तिला वाट दिली.